डिस्चार्ज म्हणजे काय

माझं इंग्रजी तीन इयत्तांचं. वडील भोरला संस्थानच्या कचेरीत कारकून होते. त्यांनी हट्टानं मला मुलांच्या शाळेत घातलं आणि इंग्रजी तिसरीपर्यंत बसवलं. वर्गात आम्ही दोघीच मुली, दाराजवळच्या बाकावर. चौथीत जायच्या आधी माझं लग्न झालं. त्या तीन वर्षांत एवढंच पदरात पडलं की अक्षर वाचता यावं, स्पेलिंग चुकू नये, आणि अर्थ मात्र धड्यात आला असेल तेवढाच कळावा. पण हे एवढंच आहे, हे काही मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

लग्नानंतर मी हिर्डोशीला आले. यजमान तिथल्या शाळेत मास्तर. ते मराठी फायनल झालेले, अक्षर मोत्यासारखं, हिशोब तोंडपाठ, पण इंग्रजीचा गंध नाही. त्यामुळे गावात कुणाकडे इंग्रजी कागद आला की तो शाळेत न जाता आमच्या घरी यायचा. जंगलखात्याची नोटीस, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, एकदा तर बिस्किटाच्या रिकाम्या डब्यावरचा मजकूर. मी पदराला हात पुसून बाहेर यायची आणि ओट्यावर बसून वाचून दाखवायची. बाया म्हणायच्या, "मास्तरीणबाईला समदं येतं." मला ते आवडायचं, हे लपवण्यात आता अर्थ नाही.

आमच्या घरापासून चार घरं सोडून एक कुटुंब होतं. म्हातारा-म्हातारी, त्यांचा मुलगा पलटणीत, त्याची बायको, आणि लग्नाला आलेली मुलगी. दुसरं महायुद्ध चालू होतं. मुलगा दोन वर्षांपूर्वी भरती झाला आणि समुद्रापार गेला, एवढंच घरच्यांना माहीत. कुठल्या मुलखात, ते पत्रात लिहू देत नसत. दोन-तीन महिन्यांनी एक पत्र यायचं, दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं. 'मी खुशाल आहे, बैलांना जपावे,' असं.

त्या वर्षी शिमग्याच्या आसपास पोस्टमन त्यांच्याकडे एक टाइप केलेला कागद टाकून गेला. म्हातारा तो दोन बोटांत धरून, जणू ओला आहे असा, आमच्या ओट्यावर घेऊन आला. मागोमाग त्याची सून. ती ओट्याच्या पायरीशीच उभी राहिली. टाइप केलेला कागद म्हणजे काय असू शकतं, हे त्या काळात सगळ्यांना कळत होतं. तिचा चेहरा मला आजही दिसतो.

मी कागद घेतला. दोन ओळींचा मजकूर. मुलाचा नंबर, शिपाई म्हणून हुद्दा, नाव, आणि पुढं 'डिस्चार्ज्ड फ्रॉम'. त्यानंतर एक आकडा आणि तीन अक्षरं, आय. जी. एच. मग तारीख. खाली सही, ती कुणालाच लागली नसती.

"जिवंत हाय का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आहेत, आहेत," मी म्हटलं. "मेल्याचं काही नाही यात."

सून पायरीवर बसली. मग मी दुसऱ्यांदा वाचलं आणि मला आमच्या पुस्तकातला धडा आठवला. त्यात एक म्हातारा इमानी नोकर असतो, आणि शेवटी मालक त्याला शाल देऊन डिस्चार्ज करतो. गुरुजींनी अर्थ सांगितला होता, 'नोकरीतून मोकळे करणे'. तो शब्द परीक्षेत आला होता आणि मी बरोबर लिहिला होता.

"बाबा," मी म्हटलं, "त्यांना नोकरीतून मोकळं केलंय. तुमचा मुलगा घरी येतोय."

त्या अक्षरांचं काय, हे मी त्यांना सांगितलं नाही आणि स्वतःलाही विचारलं नाही. पलटणीचं नाव असेल, असं धरून चालले.

त्या दिवशी त्यांच्या घरी पुरणाचा स्वयंपाक झाला. माझ्याकडे ताट आलं. म्हातारी स्वतः आली, माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "तुझ्या तोंडात साखर पडो गं बाय," म्हणाली. यजमान शाळेतून आले, त्यांनी ताट पाहिलं, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "कागद कुठाय?" मी म्हटलं, त्यांच्याकडेच आहे. ते म्हणाले, "दोनदा वाचलास ना?" मला त्या प्रश्नाचा राग आला. इंग्रजी येत नाही म्हणून विचारतात, असं मनात आलं. मी ताट झाकून आत नेलं.

आता घोळ असा, की त्या घरच्या मुलीचं लग्न चैत्रात ठरलेलं होतं. वेल्ह्याकडचं स्थळ. मुलगा शेती करणारा, घर खाऊनपिऊन सुखी, सुपारी फुटली होती. मुलाची आजी थकलेली, तिच्या डोळ्यांदेखत अक्षता पडाव्यात म्हणून त्यांना घाई. पण माझ्या कागदवाचनानंतर म्हाताऱ्यानं निरोप धाडला, भाऊ लढाईवरून येतोय, तो आल्याबिगर बहिणीच्या डोक्यावर अक्षता कशा टाकायच्या? वैशाखात करू. तिकडच्यांनी मान डोलावली. त्यांनाही ते पटण्यासारखं होतं. फौजेतला मेहुणा लग्नात उभा राहणार, म्हणजे त्यांचीही शानच.

चैत्र लागला. आम्ही वाट बघत होतो. आम्ही म्हणजे सगळा गाव. भोरकडून येणाऱ्या वाटेवर कुणी दिसला की पोरं ओरडायची. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस, डोंगरभर धूर. त्या धुरातून एखादा माणूस येताना दिसला की शिपायाची बायको हातातलं काम टाकून कुंपणापाशी जायची. तो दुसराच कुणी असायचा. मग परत यायची. मी खिडकीतून बघायची.

पंधरा दिवसांनी मला पहिल्यांदा शंका आली. माणूस मोकळा केला तर त्याला यायला किती दिवस लागतील? बोटीचे किती, आगगाडीचे किती? कुणाला विचारणार? गुपचूप वडिलांना कार्ड लिहिलं, 'डिस्चार्ज या शब्दाचा अर्थ कळवावा.' आठवड्यानं उत्तर आलं. वडिलांचं उत्तर म्हणजे कचेरीचंच उत्तर. 'या शब्दाचे नाम व क्रियापद मिळून पुष्कळ अर्थ आहेत. संपूर्ण वाक्य लिहून पाठवणे.'

मी कपाळावर हात मारून घेतला. वाक्य लिहून पाठवायचं तर कागद हवा. कागद म्हाताऱ्यानं देवाऱ्यात ठेवलेला. तो मागायला जायचं तर कारण सांगावं लागणार. मी गेले नाही. आठवत होतं तेवढं लिहिलं, नाव आणि 'डिस्चार्ज झाला' एवढंच. ती तीन अक्षरं मी गाळली. बिनमहत्त्वाची वाटली म्हणून गाळली. त्यांच्यातच सगळं होतं.

पुन्हा आठवडा. वडिलांचं कार्ड आलं. 'एक तर मुदत संपून मोकळा केला, अथवा काही कसुरीवरून बडतर्फ केला. कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.'

बडतर्फ! हे मी कुणाला सांगू? त्या घरात पुरणपोळी खाऊन आता जाऊन सांगू, की तुमच्या मुलाला हाकलून दिलं असेल आणि लाजेनं तो घरी येत नसेल? मी ते कार्ड चुलीत घातलं. यजमानांनाही दाखवलं नाही. रोज संध्याकाळी म्हातारा ओट्यावर येऊन बसायचा आणि विचारायचा, "पोरी, कागदात तारीख हाय ना?" मी म्हणायची, आहे बाबा. "मग येल," म्हणायचा आणि उठायचा. मी चिडायची. त्याच्यावर, त्या न येणाऱ्या शिपायावर, दोन ओळींत नीट काय ते न लिहिणाऱ्या त्या सहीच्या साहेबावर. स्वतःवर चिडायला मात्र मला बराच वेळ लागला.

वैशाख सुरू झाला आणि वेल्ह्याहून मुलाचा मामा आला. गूळपाणी झालं आणि त्यानं सरळ विषय काढला. "आमची म्हातारी अंथरुणाला खिळलीया. पंधरा दिसांत अक्षता टाकायच्या तर टाका, न्हाई तर आमाला मोकळं करा. पावसापुरतं थांबायला तिच्याजवळ येळ न्हाई."

म्हाताऱ्यानं उत्तर द्यायला आठ दिवसांची मुदत मागून घेतली. मामा गेल्यावर तो थेट आमच्याकडे आला, या वेळी कागद घेऊन.

"बाई, तुमीच खरं सांगा. येतुया का न्हाई?"

यजमान तिथंच होते. मी तोंड उघडलं आणि रडूच आलं. मग वडिलांच्या दोन्ही कार्डांचं सांगितलं. यजमान एवढंच म्हणाले, "उद्या भोरला जा. बाबांना घेऊन जा. कागदही घ्या."

पहाटे निघालो. अर्धी वाट बैलगाडी मिळाली, बाकी पायी. भोरला पोचेपर्यंत दिवस कलला. म्हातारा सगळ्या वाटेत एकदाच बोलला. उत्रोली आली तेव्हा म्हणाला, "हितली भातं लई चांगली."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या एका शब्दामागं भोरभर फिरलो. आधी वडिलांच्या कचेरीत. तिथल्या वरिष्ठ कारकुनानं चष्मा लावून कागद पाहिला. "डिस्चार्ज म्हणजे फौजदारी कामात पुराव्याअभावी आरोपीला सोडणं," तो म्हणाला. "शिवाय नोकरीवरून दूर करणं, असाही होतो."

"आरोपी?" म्हातारा पुढं सरकला. "त्यानं केलंय तरी काय?"

"मी कुठं म्हणतो त्यानं काही केलं? मी शब्दाचा अर्थ सांगतोय."

वडिलांनी कोश काढला. मी वाचू लागले. बंदूक उडवणं. जहाजातून माल उतरवणं. कर्तव्य पार पाडणं. वाहणं, स्राव. मुक्त करणं. बरखास्त करणं. अर्धं पान भरलं होतं. मला तो कोश उचलून भिंतीवर फेकावासा वाटला. एकाच शब्दात बंदूकही उडते आणि माणूसही सुटतो, असली ही भाषा, आणि हिच्या जोरावर मी ओट्यावर बसून लोकांची नशिबं वाचत होते!

तिथून दवाखान्यात. कंपाउंडर गडबडीत होता. त्यानं कागद पुरता वाचलाही नाही. "अहो, हा शब्द मी दिवसातून दहादा लिहितो. रोगी बरा होऊन घरी गेला की डिस्चार्ज. आणि जखमेतून पू यायला लागला, तरी डिस्चार्जच."

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. "म्हंजी बरा झाला म्हनायचा, का पू आला म्हनायचा?"

कंपाउंडर हसला. मला हसू आलं नाही. बाहेर येऊन म्हातारा दवाखान्याच्या पायरीवर बसला. "बाई, ह्ये इंग्रज आपसात बोलत्यात तरी कसं?" म्हणाला. उन्हं चढली होती. मी त्याला पाणी आणून दिलं. माझ्याकडे दुसरं द्यायला काही नव्हतं.

शेवटी वडिलांनीच सुचवलं, की पेठेत एक मुसलमान शिंपी आहे, तो पहिल्या लढाईत फौजेत होता. आम्ही गेलो. पांढरी दाढी, मशीन चालू, पायात एक बूट आणि एक चप्पल, कारण एका पायाला बोटं नव्हती. त्यानं मशीन थांबवलं, कागद हातात घेतला, आणि तिथंच बोट ठेवलं जिथं मी दोन महिने ठेवलं नव्हतं.

"ही अक्षरं हाएत ना, ह्ये फौजेचं इस्पितळ. पोरगा इस्पितळात व्हता. तिथून सोडला."

"मंग घरी का न्हाई आला?"

शिंप्यानं म्हाताऱ्याला आधी बसायला लावलं. "बाबा, इस्पितळातनं सोडला म्हंजी बरा केला. बरा केला म्हंजी परत पलटणीत. घरी सोडायचा कागद येगळा असतो, लई मोठा, त्यो शिपायाच्याच हातात देत्यात. याच्या आधी तुमाला एक कागद आला असंल, इस्पितळात घातल्याचा."

"न्हाई आला."

"मंग वाटेत गेला कुठंतरी." त्यानं कागदाची घडी घातली. "घरी येणार, असं कुनी सांगितलं तुमाला?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो खाली बघत राहिला. "कळालं आमाला असंच," म्हणाला.

मला वाटलं, त्यानं माझं नाव घ्यावं. मोठ्यानं घ्यावं. म्हणजे मला काही बोलता आलं असतं. "मीच सांगितलं," मी म्हटलं. शिंपी एवढंच म्हणाला, "घडतंय कधी असं, बेटी," आणि पलटणीला पत्र लिहून द्यायला बसला.

परत येताना मी मनाशी पक्कं केलं होतं, की गेल्या गेल्या वेल्ह्याला निरोप पाठवायचा, लग्न लगेच करू. तेवढं तरी सावरू. मामानं दिलेल्या मुदतीतले चार दिवस बाकी होते. म्हाताऱ्यानं गावातल्या पुतण्याला त्याच पावली वेल्ह्याला धाडला. पुतण्या तिसऱ्या दिवशी आला तो मान खाली घालूनच. आजीचं जास्त झालं होतं. मुलाकडच्यांनी शेजारच्या गावातली मुलगी बघून दोन दिवसांत लग्न उरकलं होतं. म्हातारीनं नातसून पाहिली म्हणे, आणि दुसऱ्या सकाळी डोळे मिटले. त्यांच्यावर रागवायलाही जागा नव्हती.

मी त्या घरी गेले. जायलाच हवं होतं. शिपायाची बायको जात्यावर नाचणी दळत होती. मी म्हटलं, "माझी चूक झाली. मला पुरतं येत नव्हतं आणि मी सांगितलं."

तिनं दळण थांबवलं नाही. "येत नव्हतं तर न्हाई म्हनायचं व्हतं," ती म्हणाली. "आमाला 'न्हाई' कळतं."

एवढंच. त्यानंतर तिनं माझ्याकडे एकही कागद आणला नाही. शिंप्याच्या पत्राचं उत्तर आलं तेही तिनं भोरला जाणाऱ्याबरोबर त्याच्याकडेच पाठवलं. ते बाहेरून मला कळलं: मांडीला गोळी लागली होती, जखम भरली, शिपाई पलटणीत हजर आहे. म्हातारा मात्र यायचा, बसायचा. म्हातारी यायची बंद झाली.

लढाई संपल्यावर काही महिन्यांनी शिपाई घरी आला. जरासा लंगडत. मी एक दिवस धीर करून भेटायला गेले आणि त्याची माफी मागितली. तो ऐकत होता, मग एकाएकी म्हणाला, "बाई, मला बी असंच झालं. इस्पितळात डाक्टर आला, म्हनला, डिस्चार्ज. म्या खुशीत वळकटी बांधली. बाजूच्याला माझी साबणाची वडी देऊन टाकली, म्हनलं मी चाललो गावाला. ट्रकात बसलो. दोन दिस ट्रक चालतोय, आणि बोट काय दिसना. मंग तोफा ऐकू याया लागल्या."

तो हसत होता. त्याची बायको दारात उभी होती. ती हसली नाही, पण आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली. किती दिवसांनी.

गावातले कागद यायचे थांबले नाहीत. एका चुकीनं लोक थांबत नसतात, त्यांना दुसरं कुणी नव्हतंच. मी कोश मागवला. तरी दहातल्या चार कागदांना मी "मला कळत नाही, भोरला दाखवा," म्हणायला लागले. तेव्हा लोक नाराज व्हायचे. "एवढं शिकून?" म्हणायचे. सांगितलं तरी चुकतंय, न सांगितलं तरी चुकतंय. यजमानांची पुढं बदली झाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली.

त्या मुलीचं लग्न दुसऱ्या वर्षी उत्रोलीला झालं. घर चांगलं, पाण्याखालची भाताची शेती, माणसं प्रेमळ. मी कितीदा मनाची समजूत घातली असेल, की झालं ते बऱ्यासाठीच. वेल्ह्याच्या डोंगरात काय होतं? भोरला माहेरी गेले असताना एकदा मुद्दाम तिच्याकडे गेले. दोन मुलं होती, गोठ्यात म्हैस होती. तिनं मला साडीचोळीला थांबवलं. बोलता बोलता मी म्हणून गेले, "शेवटी चांगलंच घर मिळालं की नाही तुला?"

"घर चांगलंच हाय," ती म्हणाली. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. "पर त्यो वेल्ह्याचा मला पसंत व्हता. सुपारीच्या दिशी पाहिला व्हता म्या. आमच्या कुत्र्याला भाकर टाकत व्हता."

तिनं सुपातले खडे अंगणात टाकले आणि मला हळदकुंकू लावायला उठली.